फोटोच्या कडेचं चाक

सी अल्लाल यांना जाऊन चाळीस दिवस झाले; त्या चाळिसाव्याला सायकल क्लबचे लोक आले, तेव्हा दार उघडणाऱ्या तामू आत्याने आधी त्यांच्या मांड्या पाहिल्या आणि मग छताकडे नजर वळवली.

"बतूल," तिने भाचीला हाक मारली, "तुझ्या वडिलांसाठी दुवा करायला माणसं आलीत. अर्ध्याच कपड्यांत."

तिघं जण होते. रविवारची फेरी आटोपून तसेच आले होते, अंगाला चिकटलेल्या काळ्या कपड्यांत. आणखी दोघं पंक्चर काढत मागे राहिले होते. पुढे उभे होते अध्यक्ष द्रिस; त्यांनाही सगळे मानाने 'सी द्रिस' म्हणत. क्लबात मोज्यांची उंचीसुद्धा तेच ठरवत.

बतूलने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. तिच्या वडिलांनी एकतीस वर्षं सायकलवरून मर्राकेशभर पाण्याचे मीटर वाचले. निवृत्तीनंतर एकाच रविवारी ते या क्लबबरोबर गेले. पायघोळ जेलाबा साखळीत अडकू नये म्हणून त्याला कपड्यांचा चिमटा लावून. पुढच्या आठवड्यात आजारी पडले. त्या दिवशीचा फोटो क्लबच्या इंटरनेटवरच्या पानावर होता. त्यात हाताची घडी घातलेले अकरा जण होते आणि उजव्या कडेला एक पुढचं चाक, वडिलांनी स्वतः रंगवलेल्या हिरव्या मडगार्डचं. चाकाशेजारचा माणूस कापला गेला होता. त्यांचा तो शेवटचा फोटो. तिला तो अख्खा हवा होता.

"मूळ फोटो आता कुठे सापडायचा?" द्रिस म्हणाले. "आमचा नियम आहे, फोटोत सगळे एकसारखे दिसायला हवेत. तुझ्या वडिलांना, हाजना, मी तसं तेव्हाच सांगितलं. त्यांना काही वाटलं नाही."

"असं म्हणाले ते?"

"नाही. हसले."

तेवढ्यात आत्या कपाटातले तीन जेलाबे घेऊन आली. "हे चढवा, मग कुसकुस वाढते. माझ्या भावाच्या चाळिसाव्याला कुणी गुडघे दाखवत बसायचं नाही."

द्रिस यांच्या वाट्याला सी अल्लाल यांचा तपकिरी जेलाबा आला.

जेवणं झाली. मग दाराशी शोधाशोध सुरू झाली. द्रिस यांचे बूट नव्हते. त्यांच्या जागी कुराण म्हणायला आलेल्या म्हाताऱ्या फकीहच्या पिवळ्या सपाता होत्या.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्यांच्या," आत्या म्हणाली. "तरीच मघाशी जिन्यात टकटक वाजलं. भाच्याच्या मोटरसायकलवर बसून बाब दुक्कालाला गेलेत, दुसऱ्या घरी."

"ते बूट इटलीहून आणलेत, आत्या."

"मग त्यांना प्रवासाची सवय असेल."

फकीहना गाठायला द्रिस यांनी सपाता घातल्या आणि आपल्या सायकलवर टांग टाकली. पण तिची पेडलं अक्रोडाएवढी, खास त्या बुटांतच अडकणारी. पाय दोनदा निसटला. दुसऱ्या वेळी समोरच्या पुदिनेवाल्याने आपली टोपली आत ओढली.

मग बतूलने वडिलांची सायकल बाहेर काढली. हँडल त्यांच्या हाती देताना तिचा हात जरा जास्तच वेळ त्यावर राहिला. "ब्रेक फक्त डावा लागतो," ती म्हणाली आणि दांड्याला लावलेला चिमटा काढून तिने त्यांच्यापुढे धरला.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून द्रिस यांनी जेलाब्याचं टोपरं कपाळाखाली ओढलं आणि निघाले.

बाब दुक्कालाच्या कमानीत क्लबातले पंक्चर काढत मागे राहिलेले दोघं वाट अडवून उभे होते. फोटो काढायला रसवाल्याच्या हाती फोन दिलेला होता. द्रिस यांना थांबावंच लागलं.

"हाज, जरा कडेला होता का?" त्यातला एक कुणाही वडीलधाऱ्याला म्हणावं तसं नम्रपणे म्हणाला. "फोटोत सगळे एकसारखे दिसायला हवेत. अध्यक्षांचा नियम आहे."

द्रिस बोलले असते तर आवाज ओळखला गेला असता. ते कडेला झाले.

"आणि हाज, तुमच्या सायकलला स्टँड आहे ना? मग आमच्या या दोन सायकली मिनिटभर धरा. यांना स्टँड नसतो."

त्या दुसऱ्या घरी फकीहनी बूट परत दिले. बूट चालताना फार बडबड करतात, एवढीच तक्रार केली.

द्रिस सायकल लावायला परत आले, तेव्हा टोपरं खाली होतं, पण जेलाबा अंगावरच होता. बूट हातात. "फोटो शोधतो," एवढंच ते म्हणाले.

क्लबच्या पानावर जाण्याआधी प्रत्येक फोटो कापायला अध्यक्षांकडेच येत असे. संध्याकाळी बतूलच्या फोनवर दोन फोटो आले, दोन्ही न कापलेले. पहिल्यात वडील होते. त्यांची सायकल स्टँडवर उभी, आणि त्यांनी द्रिस यांची सायकल दोन बोटांनी धरलेली, शेजाऱ्यांचं तान्हं मूल सांभाळावं तशी. ते हसत होते. दुसऱ्यात तेच हिरवं मडगार्ड, तोच जेलाबा आणि टोपऱ्याखाली अध्यक्षांचं नाक.

आत्याने चष्मा लावून पहिला फोटो बराच वेळ पाहिला. मग दुसरा.

"याला सायकली धरता येत नाहीत," ती म्हणाली. "बाजारातून दोन बकरे आणतोय जसा."

बतूलने पहिला फोटो छापायला पाठवला.

"दोन्ही छाप," आत्या म्हणाली. "जेलाबा छान आलाय."