द्वारकामावशींचा सत्कार

मुलांनो, एका समुद्राच्या पार तळाशी, जिथे सूर्य कधी फिरकत नाही, तिथे द्वारकामावशी नावाची समुद्रकाकडी, म्हणजे काकडीच्या आकाराचा एक जीव, राहत असे. गुबगुबीत अंग, आखूड पाय. चिखल खायचा आणि पुढे सरकायचं, एवढाच तिचा संसार. आसपास ना खडक, ना झुडूप. लपायला जागा एकच, मावशींचं पोट.

त्या पोटाखाली सदोबा खेकडा राहायचा. त्याने नुकतीच कात टाकली होती. पाठ लोण्यासारखी मऊ. ती टणक होईपर्यंत कुठल्याही माशाने त्याला सहज मटकावलं असतं. शेजारी एक गोगलगाय, आणखी पाचसहा चिल्लीपिल्ली आणि विमलताई कोळंबी. तिला मेलीला स्वस्थ बसवत नसे.

"इतकी वर्षं मावशींच्या जिवावर जगतो आपण," एकदा ती म्हणाली, "आणि साधा सत्कार नाही? जनाची नाही, मनाची तरी लाज हवी!"

"अगं, सत्कार कसला? मला चिखल खाऊ दे," मावशी म्हणाल्या.

"बघा, किती नम्र!" म्हणत सगळ्यांनी त्यांना ढकलत चिखलात पार रुतलेल्या देवमाशाच्या कवटीवर चढवलं. झालं व्यासपीठ! अध्यक्षपद गोगलगाईला दिलं. आभारप्रदर्शन सदोबाकडे आलं. त्याने भाषण घोकून घोकून पाठ केलं.

"मी आपला मावशींच्या पोटाखालूनच बोलतो," तो म्हणाला. "पाठ मऊ आहे हो."

"सत्कारमूर्तींच्या पोटाखालून? शोभतं का ते?" विमलताईने त्याला पुढच्या रांगेत बसवलं.

मग अडलं दीपप्रज्वलनापाशी. पाण्यात दिवा आणायचा कुठून? तेवढ्यात अंधारातून एक मासा आला. त्याच्या कपाळावर छानसा दिवा लुकलुकत होता.

"या, या! अगदी वेळेवर आलात!" विमलताई म्हणाली. टाळ्या पडल्या.

माशाने तोंड उघडलं. पाहुणे दोन शब्द बोलणार, असं गोगलगाईला वाटलं. ती पहिल्याच घासात गेली.

मग मासा सदोबाकडे वळला. मावशींना भरभर उतरणं कुठलं जमायला? त्यांनी सरळ स्वतःला खाली झोकून दिलं आणि सदोबाला पोटाखाली घेतलं. माशाने त्यांचा लचका तोडून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि तो दिव्यासकट चालता झाला.

सगळे पुन्हा पोटाखाली जमले. तिथेच सभा भरली.

"कार्यक्रम अर्धवट टाकून सत्कारमूर्ती व्यासपीठावरून उतरल्या," विमलताई कडाडली. "हा सभेचा अपमान आहे. मी निषेधाचा ठराव मांडते."

पहिली नांगी सदोबाची वर झाली. बिचाऱ्याचं भाषण राहून गेलं होतं ना!

मावशींनी सगळं ऐकलं. पाठ ठणकत होती. त्या चिखल खात पुढे सरकल्या. निषेध करणारेही घाईघाईने त्यांच्या पोटाखाली राहत पुढे सरकले.

तात्पर्य: दुसऱ्याचा जीव जरूर वाचवावा, पण आभारप्रदर्शन उरकल्यावर.