जिलबीचं वजन

बद्रीनाथ भोकरदनच्या मोंढ्यात तीस वर्षं धान्य तोलणारे मापाडी होते. घरात आलेलं ते गोल यंत्र त्यांना आधी वॉशिंग मशीनच वाटलं. पुण्याच्या लेकीला, तृप्तीला, नव्या नोकरीत सतत दौरे. म्हणून तिनं आपली मांजर जिलबी आणि जिलबीचा आपोआप साफ होणारा संडास, दोन्ही आईबापांच्या गळ्यात घातलं. आत वाळू. मांजर जाऊन आली की पिंप गरकन फिरतं, घाण खालच्या खणात पडते आणि तृप्तीच्या मोबाइलवर निरोप जातो, मांजर गेली, वजन इतकं.

मुक्या जनावराचं वजन ग्रॅममध्ये! बद्रीनाथ खूश. चार किलो एकशे वीस, असं तृप्तीनं कळवल्यावर त्यांनी जिलबीला हातावर तोलून यंत्राला पास केलं. खरी मजा वेगळीच होती. एरवी पंधरवड्यातून एकदा फोन करणारी लेक आता दिवसातून दोनदा करू लागली. मांजर गेली की पाच मिनिटांत घंटी. जिलबीची चौकशी झाली की ओघानं आईचे गुडघे, आप्पांचा खोकला, आज भाजी काय. बायको गिरिजाबाई तर यंत्रापाशीच भाजी निवडायला बसू लागल्या.

पाचव्या दिवशी जिलबीला परसातली भुसभुशीत माती सापडली. फ्लॅटमध्ये वाढलेला जीव, हरखूनच गेला. यंत्राकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही. तृप्तीनं घाबरून फोन केला, तेव्हा भोळ्या गिरिजाबाईंनी खरं ते सांगून टाकलं. मग मशीन बंद करा, काळजीच मिटली, असं म्हणून लेकीनं फोन ठेवला. पुढं चार दिवस तो वाजलाच नाही.

पाचव्या सकाळी बद्रीनाथनी हाताच्या अंदाजानं जिलबीच्या वजनाची सोयाबीनची थैली भरली, यंत्र चालू केलं, थैली आत ठेवली आणि उचलून घेतली. पिंप फिरलं. फोन वाजला.

"आप्पा, जिलबी परत मशीनमध्ये जायला लागली! पण शंभर ग्रॅम उतरलीय. खात नाही का?"

गिरिजाबाईंना हे फार लागलं. "माझ्या घरी येऊन जीव वाळला म्हन्ती. टाका अजून मूठभर."

मूठभर टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकलं, कारण माहेरी आलेल्याचं वजन वाढायलाच पाहिजे, ही बाईंची पक्की समजूत. पंधरा दिवसांत जिलबी साडेपाच किलोंची झाली. तृप्ती हादरली. तिनं खाणं निम्मं करायला लावलं. चार दिवसांनी तरी आकडा हलेना, तेव्हा रविवारी येते आणि डॉक्टरांना दाखवते म्हणाली.

नवराबायकोची पाचावर धारण बसली. रविवारच्या आत जिलबी फुगावी म्हणून दूध, साय, तूप, सगळं तिच्यापुढं मांडलं. तिनं हुंगलं आणि शेपटी उडवत परसात निघून गेली.

रविवारी तृप्ती आली, तिनं जिलबीला उचललं आणि बघतच राहिली. "आई, दोन दिवसांत एवढी उतरवली? डॉक्टर कशाला मग? तुम्हाला माझ्यापेक्षा छान जमतंय. आता मी निर्धास्त."

ती खरंच निर्धास्त झाली. थैली रोज चार किलो एकशे वीसची, निरोप रोज जायचा, फोन मात्र यायचा नाही. नेट बिघडलं का म्हणून बद्रीनाथनी तारा तपासल्या. सगळं बराबर होतं, म्हणूनच फोन नव्हता. घर अगदी सुनं वाटायला लागलं.

आठव्या दिवशी त्यांनी थैली आत ठेवली, उचलली, आणि पाच मिनिटांत घंटी वाजली. तृप्तीचा आवाज रडवेला होता. जिलबी एका दिवसात अर्धा किलो उतरली होती. तृप्ती संध्याकाळच्या गाडीनं निघत होती आणि आठ दिवसांची सुट्टी टाकत होती.

बद्रीनाथनी फोन ठेवला. "अर्धा किलो कसं? म्या तर एकच ओंजळ काढल्ती."

गिरिजाबाई भाजीतून मान वर करेनात. "एक म्या बी काढल्ती."

"आता ती येऊन राह्यली. अन् मांजर तर चांगली टुणटुणीत हाय. काय सांगावं?"

"वाळल्ती म्हणायचं," गिरिजाबाई म्हणाल्या, "माझ्या हातचं खाऊन सावरली. जा, तिच्यासाठी काटेरी वांगे आणा."