सुरेंद्रचा ओला अंगठा

चाकणच्या आमच्या कंपनीत माणूस कामावर आला की नाही, हे गेटवरचं अंगठ्याचं मशीन ठरवतं. पूर्वी सही चालायची, तोवर सुरेंद्रच्या येण्याबद्दल कुणाला शंका नव्हती. मशीन आलं आणि त्याच्यापुढं उभं राहिलं की सुरेंद्रच्या अंगठ्याला घाम सुटू लागला. ओला अंगठा मशीन ओळखेना.

"मी तुमास्नी बघतोय की," गेटवरचे आबाजी म्हणाले. "पर मशीन म्हनतंय तुमी आलाच न्हाई. माजं कोन ऐकनार?"

सुरेंद्र दिवसभर पत्रा कापायच्या प्रेसवर राबायचा आणि संध्याकाळी गैरहजर म्हणून घरी जायचा. त्यात तो पुढच्या महिन्यात पर्मनंट होणार होता. एचआरच्या अनिश साहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

"घामाचं वैद्यकीय कारण आणा. तोवर पर्मनंटचं थांबवू."

काळेवाडीच्या डॉक्टर ऋता मॅडमनी थायरॉइड तपासला, साखर तपासली, छातीचा ईसीजी काढला, चालू गोळ्यांची चौकशी केली. सगळं ठीक निघालं.

"घाम येतो कधी?"

"मशीनपुढं."

"आणि रविवारी?"

"रविवारी कोरडा असतो."

मॅडमनी लिहून दिलं: नोकरी जाण्याच्या भीतीने येणारा घाम. त्याची बायको पद्मा हिचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याला आजार नव्हता, नुसती नोकरी होती.

अनिश साहेबांनी कागद गंभीरपणे वाचला. "घाबरलेला माणूस प्रेसवर ठेवणं सेफ्टीत बसत नाही. भीती जाईपर्यंत बिनपगारी रजा घ्या. आणि गेली की नाही ते कळायला रोज सकाळी अंगठा देऊन जा."

"रजेवर असताना अंगठा कशाला, साहेब?"

"नाही दिलात तर रजेवर गैरहजर लागाल."

सुरेंद्र रोज काळेवाडीहून चाकणला रजेची हजेरी लावायला येऊ लागला. आता घाम कोपरापर्यंत ओघळायचा. शेवटी सततच्या गैरहजेरीबद्दल कंपनीने त्याला काढून टाकलं.

हिशेब घ्यायला आला तेव्हा नियमाप्रमाणे शेवटचा अंगठा द्यायचा होता. त्याने दिला. मशीनने पहिल्याच फटक्यात 'धन्यवाद' म्हटलं.

"बघा," अनिश साहेब मनापासून खूश झाले. "भीती मुळापासून गेली की नाही?"

सुरेंद्र मशीनकडे बघत तसाच उभा राहिला. मागे आमची रांग खोळंबली होती.

"चला राव, उशीर लागेल आम्हाला," कुणीतरी म्हणालं. मीच म्हणालो. आणि अंगठा पँटला पुसला, दोनदा. तुम्हाला हसू येत असेल तर हसा. फक्त तुमचा कोरडा आहे ना, तेवढं बघून घ्या.