इरल्याखालचं गवत

आषाढात आमच्या रत्नागिरीत माणसं इरलं पांघरून शेतात जातात. आमचे शेजारी आप्पा मात्र ते अंगणातल्या गवतावर पालथं घालत आणि स्वतः शेजारी भिजत उभे राहत.

हे गवत म्हणजे मारवेल. आप्पांनी मोजणी खात्यातली सगळी नोकरी नगरकडे काढली. तीस सालच्या सुमारास पेन्शन घेऊन बोटीने परतले, तेव्हा हमालाच्या डोक्यावर ट्रंक, काकूंच्या हातात तांब्या आणि आप्पांच्या छातीशी या गवताचं ढेकूळ होतं. देशावरच्या चुनखडीच्या माळावर, जिथे पाऊस वाट चुकल्यासारखा येतो, तिथलं ते. ते आणून लावलं आमच्या जांभ्या कातळावर, जिथे चार महिने छत्रीसुद्धा वाळत नाही.

"ह्याला पाण्याचं कौतुक नाही," असं आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. कौतुक होतं ते चुन्याचं. त्यासाठी ते किनाऱ्यावरून शिंपल्या गोळा करून आणत, भाजत आणि तो चुना मुळाशी घालत. पाहुण्याने पानाला चुना मागितला तर नुसत्या सुपारीवर भागवायला सांगत. काकू कपाळाला हात लावत. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि आप्पांना हसण्यात माझा पहिला नंबर असे.

मग एका वैशाखात माझ्या गायीने दावं तोडलं. साऱ्या कातळावर हिरवं म्हणून तेवढंच उरलं होतं. तिने ते जमिनीलगत साफ केलं. आता आपल्या सात पिढ्यांचा उद्धार होणार, अशी तयारी ठेवूनच मी माफी मागायला गेलो.

आप्पा त्या जागेपाशी उकिडवे बसले होते. "सगळं खाल्लंन?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, नगरहून दुसरं मागवून देतो.

"दुसरं नको रे. आमची मुलगी पाच महिन्यांची होऊन गेली. तिथल्याच माळावर पुरली तिला. तिच्यावर हे उगवलं होतं. इकडे यायला निघालो, तर तिला कशी आणणार?" मग म्हणाले, "काकूकडे बोलू नको हो. तिला वाटतं, म्हातारा छंदिष्ट आहे. वाटू दे."

मला फार लाज वाटली. मी निघालो. पायरीशी काकू उभ्या होत्या. त्यांनी आप्पांकडे एकदा पाहून घेतलं, आवाज खाली आणला आणि मला विचारलं, "मुळं राहिलीत ना रे?"