डबकं म्हणायचं नाही

"अहो, तुमच्या त्या डबक्यात माझा टॉवेल पडलाय!"

मागच्या अंगणातून बायकोची हाक आली आणि अण्णांच्या हातातला दाढीचा ब्रश गालावरच थांबला. अर्धं तोंड साबणानं पांढरं, उरलेलं अर्धं रागानं लाल. टॉवेलाचं त्यांना काही नव्हतं. टॉवेल काय, वाळतो. राग आला तो शब्दाचा.

"डबकं नाही!" ते न्हाणीघरातून ओरडले. "तळं! तळं म्हण!"

"काहीही म्हटलं तरी टॉवेल ओला तो ओलाच!"

"डबकं आपोआप साचतं! तळं बांधावं लागतं! मी बांधलंय ते!"

"मग बांधणाऱ्यानंच येऊन टॉवेल काढावा!"

अण्णांची सगळी हयात एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, याहून सुखाची नोकरी रागीट माणसाला मिळणं शक्य नाही. छापखान्यात त्यांना पाठीमागे 'वेलांटी' म्हणत आणि तोंडावर कोणी काहीच म्हणत नसे. निवृत्तीनंतर लाल पेन्सिल तेवढी हातात राहिली. मग दुधाच्या पिशवीवरचा मजकूर, डॉक्टरांच्या दारावरची पाटी, पेपरातल्या श्रद्धांजल्या, सगळ्यांवर लाल खुणा होऊ लागल्या. एके दिवशी बायकोनं फ्रिजवर चिठ्ठी लावली, 'जीरे संपले.' अण्णांनी दुसरी वेलांटी खोडून पहिली दिली आणि शुद्ध झालेली चिठ्ठी पुन्हा फ्रिजवर लावली. जिरे काही आणले नाहीत.

"खड्ड्यात गेल्या तुमच्या वेलांट्या!" ती कडाडली. "मागं एवढं अंगण ओस पडलंय, तिथं जाऊन काय वाटेल ते करा. पण माझ्या डोळ्यांसमोरून हला!"

खड्ड्यात जायचं तर आधी खड्डा हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कुदळ आणि फावडं घेऊन अंगणात उतरले. कुठल्याशा मासिकात त्यांनी एक फोटो पाहिला होता. बागेत छोटंसं तळं, तळ्यात कमळं, काठाला खुर्ची आणि खुर्चीत त्यांच्याच वयाचा एक गृहस्थ. त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. तसा चेहरा आपल्यालाही एकदा करून बघावा, असं अण्णांना वाटलं होतं.

मदतीला बायकोचा भाऊ आला. हा मेहुणा नळाची कामं करी, त्यामुळे पहिल्याच घावात त्यानं जमिनीखालचा पाण्याचा पाइप शोधून काढला. फोडूनच काढला. दोघंही नखशिखांत भिजले.

"इथनं कुणी पाइप टाकला?" मेहुण्यानंच उलट विचारलं.

"तूच टाकलास! न्हाणीघर बांधताना!"

"मग बरोबरच टाकलाय, भाऊजी. तुमचा खड्डा चुकलाय."

खड्डा सरकवला. आता मध्ये कपडे वाळत घालायच्या तारेचा खांब आला. खांब उपटून पलीकडे रोवला, तेव्हा तार बरोबर पाण्यावरून जाऊ लागली. खड्ड्यात जाड प्लास्टिक अंथरलं, काठाला दगड लावले, पाणी सोडलं. पाणी भरू लागलं तसा मेहुण्याच्या कामाचा दर्जाही वर आला. एका बाजूला काठ वीतभर उंच आणि स्वयंपाकघराच्या बाजूला जवळजवळ नाहीच. पाणी सरळ मागच्या पायरीपर्यंत गेलं.

"काठ वाकडा आहे!" अण्णा ओरडले.

"काठ सरळ आहे, भाऊजी. अंगण उतरतं आहे."

याला काय म्हणावं! पाइप बरोबर, खड्डा चूक. काठ बरोबर, अंगण चूक. अण्णांनी आयुष्यात एवढ्या चुका काढल्या, पण मेहुण्याच्या अंगाला त्यांची एक लाल खूण लागली नाही. तो चहा पिऊन निघून गेला आणि काठ पुढे त्यांनी एकट्यानंच उचकटून पुन्हा बसवला, पाण्यात कमळं लावली. पायरीजवळच्या दगडांवर तोवर शेवाळ धरलं होतं.

तर त्या टॉवेलाच्या सकाळी बायको स्वतःच तो काढायला गेली. शेवाळलेल्या दगडावर पाय पडला आणि ती सरळ पाण्यात बसली. पाणी गुडघाभरच, पण बसलेल्या माणसाला ते छातीपर्यंत येतं. आवाज ऐकून अण्णा साबणाच्या तोंडानं धावत आले. अशा वेळी नवऱ्यानं काय बोलावं याचे फार पर्याय नसतात. जो बोलायला नको होता तोच अण्णांना सुचला.

"अगं, माझी कमळं!"

बायको उठली. डोक्यावर एक पान तसंच होतं. तरातरा घरात गेली, खोलीचं दार धाडकन लावलं आणि आतून बराच वेळ फोनवर तिचा ताडताड आवाज येत राहिला. बहिणीजवळ आपला उद्धार चाललाय असं समजून अण्णा राहिलेली अर्धी दाढी करायला गेले.

पुढे कित्येक दिवस घरात कामापुरतं बोलणं होतं आणि तेही टोमण्यांत. "डबकेवाले, जेवायला या." "डबक्याच्या मालकांचा फोन आलाय." अण्णा प्रत्येक वेळी ताटावरून 'तळं!' म्हणून गर्जत आणि ठसका लागून पाणी मागत. ही गर्जना भिंतीपलीकडे जाई. पलीकडे एक निवृत्त तिकीट तपासनीस राहत. चुकार माणूस पकडायची त्यांचीही सवय गेली नव्हती. त्यांना हा शब्द सापडला आणि सोन्याची खाण सापडावी तसे ते खूश झाले.

"काय अण्णा, डबक्यात मगर कधी सोडताय?"

"सोडतो! आधी तुम्हाला सोडतो, म्हणजे तिच्या जेवणाची सोय होईल!"

गल्लीभर ही गंमत पसरली. दूधवाला डबकं म्हणू लागला, पेपरवाला म्हणू लागला. मेहुणा तर फोनवर आधी डबक्याची खुशाली विचारी. अण्णांना झोप गोड लागेना. आपण आपल्या हातांनी एक गोष्ट बांधली आणि तिला तिच्या नावानं हाक मारणारं जगात कोणी नाही, हे त्यांना खरोखरच लागलं होतं. परक्यांचं एक वेळ सोडा. पण बायकोनं एकदा, निदान एकदा, तळं म्हणावं.

तळं मात्र रंगात आलं होतं. कमळांना पुन्हा पानं फुटली. अण्णांनी नारिंगी मासे आणून सोडले. बोलावणं नसताना एक बेडूक आला आणि राहिला. कोणी बोलायला लागलं की तो मध्येच तोंड घाली, म्हणून अण्णांनी त्याचं नाव 'उपसंपादक' ठेवलं. संध्याकाळी ते काठावर खुर्ची टाकून फोटोतल्या गृहस्थासारखा चेहरा करायचा प्रयत्न करत. मासे मात्र त्यांना ओळख देत नसत. स्वयंपाकघरात कुठल्याशा डब्याचं झाकण वाजलं की सगळे शेपट्या हलवत त्या काठाला गोळा होत. खायला आम्ही आणायचं आणि धावायचं झाकणाकडे! माशांची जातच कृतघ्न, असं म्हणून अण्णा त्यांच्यावरही रागावत.

आणि एका दुपारी दारात आरोग्य खात्याचा निरीक्षक उभा राहिला. मागे पाठीला पंप लावलेला एक फवारणीवाला होता.

"तुमच्याकडे मागच्या बाजूला तळं आहे म्हणे?"

अण्णांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. "काय म्हणालात?"

"तळं. फोनवरनं कळलं आम्हाला."

"तळं!" अण्णांनी दार सताड उघडलं. "या ना साहेब, या! असे घरातूनच या!"

त्यांनी निरीक्षकाला हाताला धरून अंगणात नेलं. खोली दाखवली, काठाचे दगड दाखवले, उपसंपादकाची ओळख करून दिली. "दोनदा बांधलंय साहेब, काठ दोनदा! लोकांना काय कळतंय? तुम्ही आलात म्हणून बरं झालं. शिकलेला माणूस बरोबर शब्द वापरतो."

"खरंच, छान तळं आहे," निरीक्षक म्हणाला. "परवानगी कुठाय?"

"कसली परवानगी?"

"तळ्याची. वस्तीत तळं करायचं तर परवानगी लागते, भोवती कठडा लागतो. नसेल तर बुजवावं लागतं. उद्या माणसं पाठवतो."

समोर कमळाची एक कळी उद्या उमलायच्या बेतात होती. भिंतीवर तिकीट तपासनिसांचं डोकं उगवलं होतं. अण्णांनी एकदा कळीकडे पाहिलं, एकदा त्या डोक्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"साहेब, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. हे कसलं तळं? हे... हे आपलं... डबकं आहे."

"काय म्हणालात अण्णा?" भिंतीवरून आवाज आला. "मोठ्यानं बोला, नीट ऐकू नाही आलं!"

"डबकं!" अण्णा संतापानं थरथरत ओरडले. "डबकं आहे हे! साचलेलं डबकं! झालं समाधान?"

"डबकं असेल तर परवानगीचा प्रश्नच नाही," निरीक्षक खुशीत म्हणाला. त्याचंही काम वाचलं होतं. त्यानं फवारणीवाल्याला खूण केली. "चल रे, डबक्यावर तेल मार."

"तेल? अहो, मासे आहेत त्यात!"

"डबक्यात मासे नसतात. डास असतात."

पंपाची नळी पाण्याकडे वळली. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार भिंतीवर आपटलं आणि बायको बाहेर आली. हातात डबा होता आणि डब्यात पावाचा चुरा. झाकणाच्या आवाजासरशी सगळे मासे तिच्या बाजूला धावले. अण्णा त्या डब्याकडे बघतच राहिले.

"खबरदार!" ती फवारणीवाल्यावर कडाडली. "तेलाचा एक थेंब पडला तर तो पंप तुझ्याच डोक्यावर रिकामा करीन! डबकं कुणाला म्हणतोस रे? डोळे फुटले का? तळं आहे ते, तळं!"

उपसंपादकही मध्येच बोलला.

तळं! तिच्या तोंडून, चारचौघांत, दोनदा! अण्णा हरखून गेले. त्या शब्दानं तळं पुन्हा धोक्यात आलंय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"म्हणजे तळंच ना?" निरीक्षकानं सुस्कारा टाकला. "मग बुजवा."

"हौद आहे," बायको क्षणही न दवडता म्हणाली.

"आत्ता तर तुम्ही..."

"तळं मी कौतुकानं म्हणते. झाडांना पाणी घालायचा हौद आहे तो."

"आणि मासे?"

"डास खायला ठेवलेत. तुमचंच काम करतात बिचारे, तेसुद्धा रजा न घेता."

"बेडूक?"

"तो आमचा नाही. येऊन-जाऊन असतो."

"हौद नाही हा!" अण्णांना राहवेना. "हौदाला चिऱ्यांच्या भिंती असतात! हौद म्हणजे..."

"तुम्ही गप्प बसा!" बायको आणि निरीक्षक एकदमच ओरडले.

हौदाला परवानगी लागत नव्हती आणि तेलही लागत नव्हतं. "मोठ्या अक्षरांत 'हौद' अशी पाटी लावा, म्हणजे पुढचा माणूस विचारणार नाही," एवढं सांगून निरीक्षक गेला. चुकीचा शब्द आणि तोही स्वतःच्या हातानं लिहायचा! अण्णांचा सगळा राग गोळा झाला आणि भिंतीकडे वळला.

"लाज नाही वाटत? शेजारी राहून तक्रारी करता?"

"कोण, मी?" तिकीट तपासनीस भडकले. "मी कशाला करू? आणि केलीच असती तर डबक्याची केली असती! तळं म्हणून तुम्हाला कशाला मोठं करू?"

डोकं भिंतीआड गेलं. मुद्दा बिनतोड होता. गल्लीत झाडून सगळे डबकं म्हणत. मग फोनवर तळं म्हणणारं होतं कोण?

मागे पुन्हा झाकण वाजलं.

"मीच केला होता फोन," बायको पाण्यात चुरा टाकत म्हणाली. "पडले ना, त्या दिवशी. इतके दिवस कुणी फिरकलं नाही. मी विसरूनही गेले होते."

"तू?" अण्णांच्या मानेची शीर फुगली. "माझ्या घरात राहून माझ्याच तळ्यावर..." आणि ते एकदम थांबले. "एक मिनिट. फोनवर तू काय म्हणालीस? शब्द कुठला वापरलास?"

"तळं."

"आणि घरात मला डबकं?"

"मग काय करू? परक्या माणसाला कुणी सांगतं का, आमच्याकडे डबकं आहे म्हणून?"

अण्णांनी ते वाक्य मनात पुन्हा एकदा वाचलं. काढायला चूक नव्हती. त्यांनी खुर्ची ओढली आणि काठाशी बसले. कमळाच्या कळीकडे बघताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते त्यांचं त्यांना दिसलं नाही.

"सरका जरा," बायको म्हणाली. "डबक्यावर तुमची सावली पडतेय."

अण्णा मुकाट्यानं खुर्ची घेऊन बाजूला सरकले.