निळ्या पट्टीची आणि चिमाबाईच्या डाव्या पायाची हकीकत

श्रीक्रीडांगणदेवता प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, पौष मासी एका थोर राज्यात फुटबॉलाचे दळ होते, तेथील वर्तमान ऐसे. दळात मुली अकरा, वये चौदा-पंधरा, आणि औषधोपचारास सगुणाबाई वैद्य, हाताने मऊ, जिभेने फटकळ. त्या समयी परमुलखीचे दळ चालून आले, पोटऱ्यांवर निळी, चिकट, रबरासारखी ताणणारी पट्टी लाविलेली, आणि ते दळ ऐसे पळाले की पाहणारांची बोटे तोंडात गेली. मग राज्यात एकच बोलवा जाहली की सामर्थ्य पट्टीत आहे, आणि सेनापती रायाजीराव यांनी पेटी भरून पट्टी आणविली, आणि सगुणाबाई रोज सरावापूर्वी एकेकीचा पाय मांडीवर घेऊन, कोठे दुखते ते पुसून, पट्टी लावू लागल्या.

परंतु बाईंचे मनी संशय राहिला. मग त्यांनी तीन दिवस परीक्षा मांडिली. एके दिवशी पाय उघडा, दुसरे दिवशी पट्टी ढिली, तिसरे दिवशी ताणून, आणि ढिली की ताणलेली हा भेद कोणास कळो नये म्हणून अवाक्षर न बोलता, मान वर न करिता चिकटविली. धाव घड्याळावर मोजिली, उडी भिंतीवर खडूने मोजिली. तिन्ही दिवस धाव तीच, उडी तीच. रायाजीराव खट्टू होऊन बोलिले, "पेटी बंद करा. उद्या अंतिम सामना, कोणास पट्टी नाही. आणि चिमाबाईने डावा पाय चालविला नाही तर तिने बाकावर बसावे, दहाजणी खेळतील."

चिमाबाई डाव्या बगलेची शिलेदार. गतवर्षी घोटा मुरगळला तैंपासून त्या पायाने चेंडू मारण्यास कचरे, पट्टीचे दिवसांत जरा धीर आला होता. ती सामन्यापूर्वी सगुणाबाईंपाशी येऊन बूट काढून बसली.

"अगे, पट्टीत काही नाही. मीच मोजिले," बाई बोलिल्या.

"ठाऊक आहे," चिमाबाई बोलिली. "पण परीक्षेचे दिवसांत आपण काही पुसलेच नाही. एरवी पुसत होता. दुसरे कोणी पुसत नाही."

एवढे मोजमाप केले आणि हेच वगळले, हे ध्यानी येऊन बाईंचे डोळे भरले. मग त्यांनी पेटीस हात न लाविता पाय मांडीवर घेतला आणि घोटा चाचपून पुसिले, "येथे दुखते?"

"नाही."

"येथे?"

"येथे दुखत नाही. येथे भय वाटते."

"असो दे. घोटा धड आहे, मी पाहिला," बाई बोलिल्या आणि बुटाची नाडी स्वहस्ते बांधिली.

मग सामना जुंपला, आणि बरोबरी होऊन थोडाच वेळ उरला, आणि चेंडू डाव्या बगलेस आला, आणि चिमाबाई क्षणभर थबकली, आणि मग तोच पाय चालविला. चेंडू जाळ्यात शिरला तो परदळाच्या रक्षकास दिसलाही नाही. सारे मैदान उभे राहिले. रायाजीरावांनी पागोटे काढून हाती धरिले. ऐसे नवल त्या राज्याने देखिले नव्हते.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. पट्टीची पेटी अद्याप बंद आहे. दुसरे दिवशी सरावापूर्वी अकराही मुली बूट काढून सगुणाबाईंपुढे ओळीने बसल्या होत्या, आणि शेवटी रायाजीराव, गुडघा पुढे करून.