हरेश्वरची कोरियन म्हातारी

दहा भागांची मालिका दोनच भाग बघून "अप्रतिम आहे, शेवटपर्यंत अप्रतिम" असं चारचौघांत सांगू नये, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. ते मी हरेश्वरसमोर सांगितलं, ही त्याहून मोठी चूक. कारखान्याच्या गेटबाहेरची टपरी, पहिली पाळी नुकतीच सुटलेली, आठ-दहा माणसं चहा पीत उभी.

हरेश्वरने ग्लास फळीवर ठेवला आणि विचारलं, "म्हातारीचं काय झालं सांग."

मालिका कोरियन होती. एक बेट, बेटावर खानावळ, खानावळ चालवणारी म्हातारी आणि तिचा शहरात गेलेला मुलगा. दुसऱ्या भागापर्यंत म्हातारी खोकत होती. मालिकेत खोकणारी म्हातारी पुढे काय करणार? मी अंदाजाने ठोकून दिलं, "वारली."

"नाय वारली," हरेश्वर म्हणाला. त्याचा साधा आवाजसुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जातो, हा तर चढलेला होता. "बरी झाली ती. खानावळ परत चालू केली. बघितलं नाय तर नाय बघितलं म्हणायचं. जित्या बाईला मारतोस?"

टपरी हसली. दुसऱ्या दिवसापासून कापड रंगवणाऱ्या डाइंग खात्यातली माणसं मला 'दोन भाग' म्हणायला लागली. हजेरीचं कार्ड पंच करायला आलेला माणूस खिडकीतून वाकून "काय दोन भाग, जेवण झालं का?" विचारायचा. मी टाइम ऑफिसात बसतो, त्यामुळे कारखान्यातला प्रत्येक माणूस दिवसातून दोनदा माझ्यासमोरून जातो. पळायला जागा नव्हती.

हरेश्वर बॉयलरवर आहे. बॉयलरवाल्याचं काम म्हणजे एका काचेच्या नळीतल्या पाण्याकडे बघत राहणं. पाणी खाली गेलं तर बॉयलर फुटतो, आणि फुटला की काय होतं, ते तारापूरला कोणाला समजावून सांगावं लागत नाही. एकवीस वर्षं तो त्या नळीकडे बघतोय, आणि टीव्हीकडेही तसाच बघतो, पापणी न हलवता. म्हणून त्याला सगळं दिसतं, आणि दिसलं की राग येतो.

एका सिनेमात नायकाने वाफेची फुटलेली लाइन नुसत्या हाताने दाबून धरली होती. हरेश्वर त्या नायकावर तीन दिवस रागावलेला होता. "हाताची भुर्जी झाली असती. आनि हा गाणं म्हनतो." एका मालिकेत घरातल्या बायका झोपताना नथ घालतात, यावर एक आठवडा. जेवणाचं ताट पुढे आलं की फोन येतो आणि माणूस उठून जातो, यावर तो कायमच रागावलेला आहे. "त्या भाताचं काय झालं, कोन विचारनार?" आणि प्रत्येक रागाचा शेवट ठरलेला: "त्या लेखकाला आना आनि एक पाळी उभा करा बॉयलरपुढं."

पण सगळ्यात जास्त चिडायचा तो मरणांवर. आजारी माणूस दिसला की लेखक त्याला मारतो, असं त्याचं म्हणणं. कामचुकारपणा आहे हा. औषध द्यायचं, पथ्य सांभाळायचं, डॉक्टरकडे न्यायचं, रोज न्यायचं, हे लिहायला मेहनत लागते. मारायला काय लागतं?

त्याची आणखी एक तऱ्हा होती. हल्ली काही वर्षं मराठी, हिंदी, गुजराती, म्हणजे कळणाऱ्या भाषेतलं तो काही बघायचा नाही. कोरियन, तुर्की, इराणी, असलंच बघायचा, आणि तेही मूळ आवाजात, खालच्या इंग्रजी ओळी वाचत. बॉयलरची मॅन्युअलं वाचून त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आहे. मी हिंदी आवाजात बघतो म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी सोलकढीत दूध घातलं होतं.

ही तऱ्हा मला नुसती विचित्र वाटत नव्हती, तिचा मला राग होता. कारण निर्मलावहिनी.

निर्मलावहिनी म्हणजे हरेश्वरची बायको. साखरेने तीन वर्षांपूर्वी त्यांचे डोळे गेले. त्याआधी पंधरा वर्षं त्या पॅकिंगला होत्या. तिथे उत्तरेकडच्या बायकांबरोबर उभं राहून हिंदी इतकं चोख बोलायच्या की सुपरवायझरसुद्धा शब्द विचारायचा. आता बेटेगावच्या घरात बसून असतात. संध्याकाळी सात ते आठ हरेश्वर टीव्ही लावतो, त्या वेळात त्याच्याकडे कोणी गेलेलं त्याला खपत नाही. एकदा मी चुकून गेलो होतो. टीव्हीवर परकी भाषा चाललेली, हा समोर, आणि वहिनी भिंतीला टेकून वाल सोलतायत. मला बघताच त्याने टीव्ही थांबवला आणि मी उठेपर्यंत सुरू केला नाही.

मी घरी येऊन सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणालो, बाईला दिसत नाही, निदान कळेल अशा भाषेतलं तरी लावावं. किती आपमतलबी असावं माणसाने.

तर 'दोन भाग' हे नाव पुसायचं म्हणून मी तीन दिवसांत उरलेले आठ भाग बघून काढले. नवव्या भागात म्हातारी मेली. चांगली व्यवस्थित मेली, अंत्यविधी दाखवला, मुलगा बोटीतून उशिरा पोचला. म्हणजे मी अंदाजाने बोललो ते खरं होतं, आणि पापणी न हलवता बघणारा हा माणूस टपरीवर धडधडीत खोटं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जाताना रोजच्यासारखं त्याच्या मोटरसायकलवर मागे बसल्या बसल्या मी विषय काढला. तो म्हणाला, बरी झाली. मी म्हणालो, नववा भाग, बाविसावं मिनिट. तो म्हणाला, तुझ्या हिंदीवाल्यांनी मारली असंल. मी म्हणालो, भाषा बदलली म्हणून माणूस मरतो का? एमआयडीसीच्या वळणावर त्याने गाडी बाजूला घेतली.

"उतर," तो म्हणाला.

मी उतरलो. एकवीस वर्षांत पहिल्यांदा टाइमकीपरच्या कार्डावर उशिराचा शिक्का पडला. तो मी माझ्याच हाताने मारला.

मग माझंही डोकं फिरलं. रविवारी सकाळी हरेश्वर केळव्याला भावाच्या वाडीत जातो, हे मला माहीत होतं. मी सुनंदाला घेऊन बेटेगावला गेलो. तिला वाटलं, वहिनींना अळूवड्या द्यायला चाललोय. वड्या होत्याच, पण मी न्याय करायला निघालो होतो. म्हटलं, वहिनींना एकदा तरी कळेल अशा भाषेत दाखवू. ऐकवू. आणि नववा भागच ऐकवू, म्हणजे साक्षीदारही मिळेल.

"वहिनी, आज हिंदीत ऐका," असं म्हणून मी आवाजाची भाषा बदलली. सुनंदाने मला कोपराने ढोसलं. मी लक्ष दिलं नाही.

बाविसाव्या मिनिटाला डॉक्टर हिंदीत म्हणाला, अम्मा नहीं रहीं. वहिनींचे वाल सोलणारे हात थांबले.

"बंद करा, भावजी."

मी म्हणालो, वहिनी, तेच तर मी त्याला सांगत होतो.

"बंद करा म्हटलं ना." त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "ह्यांनी मला रोज सगळं सांगितलंय. बाईनं साडी कसली नेसली, दर्याला पाणी किती होतं. म्हातारी बरी झाली. तिनं परसात वाल पेरले. थंडीत सगळ्यांना बोलवून उकडहंडी लावली, मडक्यात कंद नि शेंगा भरून. मी म्हटलं, कोरियात वाल होतात? तर म्हनाले, खारी हवा हाय, केळव्यासारखीच जमीन."

सुनंदा आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"आता तुमाला वाटतं, मला कळत नव्हतं? डोळे गेलेत, कान नाय गेले. तासभर रडकं वाजत होतं पाठीमागं. मी विचारलं, काय झालं? हे म्हनाले, बारसं चाललंय. बारशाला एवढं रडकं वाजवतात? तर म्हनाले, रीत हाय त्यांची." क्षणभर त्या हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत. "तीन वर्षांत ह्या घरात टीव्हीवर एक मानूस मेलं नाय. ते मला सांगायचे आनि मी ऐकायची. तुमाला कोनी बोलवलं होतं मधी?"

मी टीव्ही बंद करायला वळलो, तर दारात हरेश्वर उभा होता. डोक्यावर हेल्मेट, हातात नारळांची पिशवी. किती वेळ उभा होता, माहीत नाही. पण बारशाचं त्याने ऐकलं होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

मी शिव्यांची वाट बघत राहिलो. माझ्या बापजाद्यांसकट बॉयलरपुढे उभा करेल असं वाटलं. त्याने पिशवी खाली ठेवली, भिंतीवरचं टीव्हीचं बटण बंद केलं आणि सुनंदाला विचारलं, "वयनी, चहा झाला का तुमचा?" माझ्याकडे बघितलंही नाही.

सोमवारपासून मी रिक्षाने जायला लागलो. टपरीवर तो पाठ करून उभा राहायचा. वादच नसल्याने माणसं लवकर पांगायची आणि टपरीवाला माझ्याकडे डोळे वटारून बघायचा. मला हरेश्वरचा राग येत होता, माझा येत होता, त्या कोरियन डॉक्टरचाही येत होता.

बारा-तेरा दिवसांनी वहिनींचा फोन आला. शेजारणीकडून लावून घेतला होता. त्या कशा आहात वगैरे काही म्हणाल्या नाहीत.

"टीव्हीवर कापड टाकलंय ह्यांनी. सात वाजले की पंख्याकडं बघत बसतात. मी म्हटलं, लावा नि सांगा. तर म्हनतात, तुला सगळं कळतं, मी कशाला सांगू? भावजी, तुमी बंद पाडलंत, तुमी चालू करा."

फोन आपटला.

त्या संध्याकाळी सुनंदा आणि मी बेटेगावला गेलो. हरेश्वर खरंच पंख्याकडे बघत होता. मी माफी मागायची वाक्यं रिक्षात पाठ केली होती, पण त्याचं तोंड बघून ती विसरलो. काहीतरी करायला हवं म्हणून टीव्हीवरचं कापड काढलं आणि एक तुर्की मालिका लावली, मूळ आवाजात. वहिनींच्या बाजूला बसलो. म्हटलं, वहिनी, आज मी सांगतो.

मुद्दाम वाईट सांगितलं, असं श्रेय घ्यायला मला आवडलं असतं. पण मला खरंच तेवढंच येतं.

"एक माणूस आला," मी म्हणालो. "बसला. एक बाई आली. काहीतरी म्हणाली. माणूस उठला. बाहेर... म्हणजे बाहेरच असावं, गेला."

"कसला मानूस?" वहिनींनी विचारलं.

"माणसासारखा. शर्ट आहे."

पंख्याकडून आवाज आला, "शर्ट हाय." मी पुढे म्हणालो, आता एक विहीर आहे. खोल असावी.

"असावी म्हंजे?" हरेश्वर उठून उभा राहिला होता. "दगड दिसत नाय तुला? कठड्यावर शेवाळ दिसत नाय? म्हातारा काठी टेकत तिकडं चाललाय ते दिसत नाय? फुकटचे डोळे दिलेत देवानं. सरक."

मी सरकलो. तो माझ्या जागी बसला आणि सांगायला लागला. रागाने सांगत होता, पण काय सांगत होता. म्हाताऱ्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं आहे. विहिरीपाशी उंबर आहे, उंबराची फळं पडून चिखल झालाय. सुनेने त्याला जेवायला हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. मी तोच टीव्ही बघत होतो आणि मला यातलं काहीच दिसलं नव्हतं. उंबर तर तिथे नव्हताच, शपथेवर सांगतो.

म्हाताऱ्याचा पाय घसरला. तो विहिरीत गेला. पडद्यावर काठी तेवढी तरंगत राहिली आणि पाठीमागे रडकं वाजायला लागलं.

हरेश्वर थांबला. वहिनींच्या मांडीवरचं वालांचं सूप हललं नाही. मी त्याच्याकडे बघितलं. एवढा मोठा गडी, कपाळावरची शीर ताठ झालेली.

"मग?" वहिनी म्हणाल्या.

"त्या लेखकाला आना," हरेश्वर हळू म्हणाला. "मी काय सांगू आता? तुला कळतंच."

"मला दिसत नाय," वहिनी म्हणाल्या. "तुमी सांगाल ते. काढला का त्याला वर?"

हरेश्वरने डोळे पुसले, मग नाक, मग उगाच रिमोट. "काढला," तो म्हणाला. "चौघांनी दोर टाकला. भिजलाय, पन बसता करून ठेवलाय. सून आलं घालून चहा करते."

"साखर नको घालू म्हनावं," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा वाल सोलायला लागल्या.

परत येताना रिक्षात मी सुनंदाला म्हणालो, बघ, तो खोटं सांगतो, तिला ते खोटं आहे हे ठाऊक आहे, आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक आहे. मग यात उरलं काय?

सुनंदा बोईसरचा पूल येईपर्यंत रिक्षाबाहेर बघत राहिली. मला वाटलं, विचार करतेय. रागावली होती.

"आपण दोघं रोज एका सोफ्यावर बसून टीव्ही बघतो," ती म्हणाली. "माझे डोळे चांगले आहेत, म्हणून तुम्ही माझ्याशी एकच वाक्य बोलता: 'आवाज वाढव.'"